दारावरची घंटा आणि मनातला संशय



बंधू-भगिनींनो, ताथवडे हे कालपरवापर्यंत शेतीवाडीचे गाव होते. 2009 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता ऊस-ज्वारीच्या रानात वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. महामार्गापलीकडे हिंजवडीची संगणकनगरी आहे, दूर चाकणचे कारखाने आहेत आणि या दोन्हींच्या पाळ्यांवर इथल्या घरांची झोप-जाग ठरते. सोलापूर, लातूर, नांदेडकडून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आज इथे राहतात.

या नगरात माणूस रोज ज्या गोष्टी पाहतो, त्या आपल्या आजीच्या पिढीने पाहिल्या असत्या तर तोंडात बोट घातले असते. दार आपोआप उघडते. हातातला फोन अनोळखी रस्त्यावर डावे-उजवे सांगतो. किराणा दुकानातली डबी पैसे मिळाल्याचे स्वतःच मोठ्याने ओरडून जाहीर करते. पण आश्चर्य याचे नाही. आश्चर्य याचे आहे की, त्याच डबीच्या वर दोऱ्यात ओवलेले लिंबू-मिरची लटकलेले असते. अर्धवट बांधलेल्या इमारतीवर काळी बाहुली टांगलेली असते. आणि हे इतरांचे दोष आहेत, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. आपल्याही रिक्षांच्या मागे जुनी चप्पल झुलते, आपल्याही बाळांच्या मनगटाला काळा दोरा असतो आणि ‘सर्व समस्यांवर चोवीस तासांत तोडगा’ देणाऱ्या आमिलांचे क्रमांक आपल्याही फोनमध्ये जतन केलेले असतात.

आज मी तुमच्यापुढे एका घराची हकिकत ठेवणार आहे. ज्यांची ती आहे, त्यांच्या अनुमतीने सांगतो. नाव सांगणार नाही. ऐकताना ‘हे कोण असतील?’ असा विचार करू नका. ‘हे आपल्या घरात घडले असते तर?’ असा विचार करा.

एका घराची हकिकत

तरुण चाकणच्या कारखान्यात कामाला, पत्नी हिंजवडीत रात्रपाळीवर. सोबत तरुणाची फुफी राहत असे. तरुणाची आई तो लहान असतानाच वारली होती. या फुफीनेच त्याला वाढवले. ती विधवा, तिला स्वतःचे मूल नाही. भाचा हेच तिचे जग.

नव्या घरात राहायला आल्यावर काही महिन्यांत विचित्र प्रकार सुरू झाले. रात्री दीड-दोन वाजता दारावरची घंटा वाजे. दार उघडावे तर बाहेर कोणी नसे. मध्यरात्री न्हाणीघराच्या भिंतीतून ठोकल्यासारखे आवाज येत. बैठकीतला दिवा बटण बंद केल्यावरही अंधारात फिकट उजळत राही. सुनेला सुट्टीच्या रात्री झोपेतून जाग आली की, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटे. डोळे उघडे असत, पण हात हलत नसे, तोंडातून शब्द फुटत नसे. आणि याच काळात तिला तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला.

दुःखात असलेल्या माणसाला कारण हवे असते. कारण सापडले नाही तर तो दोषी शोधतो. कोणीतरी एका आमिलचा क्रमांक दिला. त्याने फोनवरच सुनेच्या आईचे नाव सांगितले, घरात कोणत्या रंगाचा पडदा आहे ते सांगितले आणि मग म्हणाला, ‘करणी झाली आहे. घरातल्याच बाईने केली आहे. तिला मूलबाळ नाही. रात्री उठून ती काहीतरी पुटपुटते.’

फुफी रात्री उठत असे, हे खरे होते. ती पुटपुटत असे, हेही खरे होते. बंधूंनो, ती तहज्जुदची नमाज पढत होती. ज्या रात्री तिने या दोघांसाठी हात पसरले, त्याच रात्री तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभ्या राहिल्या.

आमिलने उताऱ्यासाठी आधी एकवीस हजार आणि मग एकावन्न हजार रुपये मागितले. काळ्या विद्येचा तोडगा, पण पैसे मात्र फोनवरच्या चौकटीतून पाठवायचे! ते पाठवले गेले. नंतर फुफीला ‘काही दिवस गावी जाऊन ये’ असे सांगण्यात आले. तिने कारण विचारले नाही. एक पिशवी भरली आणि वल्लभनगरच्या एसटी स्थानकावरून ती सोलापूरला निघून गेली.

तीन महिन्यांनंतर एका जुम्याला तो तरुण नमाजनंतर थांबला. सर्व गेल्यावर म्हणाला, ‘हाफिजसाहेब, उतारे झाले, पैसे गेले, फुफीही गेली, पण घंटा अजून वाजतेच आहे. आता मी काय करू?’

मी त्याला कोणताही वजीफा सांगितला नाही. मी म्हणालो, ‘बेटा, आधी वीजतंत्रीला बोलाव.’

कारणांचा शोध ही श्रद्धेची उणीव नव्हे

वीजतंत्री आला. घंटा बिनतारी होती. तिच्या बटणातून रेडिओ लहरींवर एक ठरावीक संकेत निघतो आणि तो ओळखीचा असला की आतली घंटा वाजते. स्वस्त घंटांमध्ये अनेकींचा संकेत एकच असतो. वरच्या मजल्यावरचा तरुण दुसरी पाळी संपवून कंपनीच्या बसने उतरे, आपल्या दाराचे बटण दाबे आणि दोन्ही घरांत घंटा वाजे. त्याच्यासाठी त्याची आई दार उघडे. खाली यांच्या दारात कोणीच नसे. भिंतीतले ठोके रात्री टँकर रिकामा होऊन पंप सुरू झाल्यावर पाइपांत कोंडलेल्या हवेचे आणि पाण्याच्या धक्क्याचे होते. दिव्याच्या बटणावर एक बारीक तांबडा ठिपका जळत असे. त्यातून झिरपणारा नाममात्र प्रवाहही एलईडी दिव्याला फिकट उजळायला पुरतो.

सुनेला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले की, झोपेच्या एका टप्प्यात शरीराचे स्नायू निसर्गतःच शिथिल केलेले असतात. मेंदू जागा झाला आणि शरीर त्या अवस्थेतून अजून बाहेर आले नाही, तर माणसाला काही क्षण हालचाल करता येत नाही. छातीवर दाब जाणवतो, कोणी जवळ उभे असल्याचा भास होतो. पाळ्यांमुळे ज्यांची झोप विस्कटते, त्यांच्यात हे अधिक दिसते. गर्भपाताबद्दल त्यांनी सांगितले की, पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. त्यात आईचा अपराध नसतो, मग फुफीचा कुठून असणार?

काही लोकांना वाटते की, असे कारण शोधणे म्हणजे अल्लाहवरचा विश्वास कमी होणे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याने सृष्टी निर्माण केली, त्यानेच तिला नियम दिले. दिव्य कुरआन आकाश व पृथ्वीची रचना, रात्र-दिवसाचे फेरे, समुद्रात चालणारी जहाजे, वारे आणि ढग यांच्याकडे बोट दाखवतो आणि बुद्धी वापरणाऱ्यांसाठी यांत संकेत आहेत, असे सांगतो (2:164). प्रेषितांनी (स.) आजारी माणसाला उपचार घेण्याची आज्ञा दिली. उंट मोकळा सोडून अल्लाहवर हवाला ठेवणाऱ्याला त्यांनी आधी तो बांधण्यास सांगितले.

याहून मोठा धडा त्यांच्या स्वतःच्या दुःखाच्या दिवशी मिळतो. त्यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. एखाद्या भोंदू माणसाने ही संधी सोडली असती काय? परंतु पुत्रशोकात बुडालेल्या त्या पित्याने लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. दुःखाच्या त्या घडीलाही त्यांनी दोन असंबद्ध घटनांची गाठ बांधू दिली नाही. आपण मात्र एक घंटा, एक दिवा आणि एक गर्भपात यांची गाठ बांधून एका निष्पाप स्त्रीच्या गळ्यात अडकवली.

आश्चर्य आणि भीती

आश्चर्य वाटणे वाईट नाही. श्रद्धावंताला तर पानापानात आश्चर्य दिसावे. पण आश्चर्यातून दोन वाटा फुटतात. एक जिज्ञासेकडे आणि शेवटी निर्मात्याच्या स्तुतीकडे जाते. दुसरी भीतीकडे आणि शेवटी भीती विकणाऱ्याच्या दारात जाते.

बसऱ्यात 965 च्या सुमारास जन्मलेले इब्न अल-हैसम पहिल्या वाटेने गेले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून प्रकाश येतो आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या वस्तूंची प्रतिमा उमटते, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. अंधारात भिंतीवर आकृत्या उमटतात, हे ऐकून कोणीही ‘जिन्नांचा खेळ’ म्हटले असते. त्यांनी मात्र प्रकाश सरळ रेषेत कसा जातो, हे तपासले. दृष्टी आणि प्रकाशावरचा त्यांचा ‘किताबुल मनाझिर’ हा ग्रंथ पुढे युरोपातील विद्वानांनीही अभ्यासला.

हा प्रयोग तुमच्या घरातही होतो. खिडकीवर जाड काळा कागद लावून खोली पूर्ण अंधारी करा आणि कागदाला पेन्सिलच्या टोकाएवढे छिद्र पाडा. बाहेर लख्ख ऊन असेल तर समोरच्या भिंतीवर उलटे आकाश, उलट्या इमारती आणि डोके खाली करून धावणारे महामार्गावरचे ट्रक दिसतील. मुलांना ते दाखवा आणि ‘सुब्हानल्लाह’ म्हणायला शिकवा. मग असे का होते, हेही समजावून सांगा. ज्या मुलाने लहानपणी भिंतीवरच्या सावलीचे कारण शोधले, तो मोठेपणी सावलीला घाबरून आमिलकडे जाणार नाही.

परोक्षाचे ज्ञान कोणाला?

आता कोणी विचारील, ‘त्या आमिलला आईचे नाव आणि पडद्याचा रंग कसा कळला?’ प्रश्न योग्य आहे, कारण लोक इथेच फसतात.

घरातल्यांनी समाजमाध्यमांवर ईदची छायाचित्रे टाकली होती. त्यांत पडदा होता, आईच्या नावाने दिलेल्या शुभेच्छा होत्या. फोन क्रमांक हाती आला की ही माहिती गोळा करायला काही मिनिटे पुरतात. आणि ‘घरात एक बाई आहे, ती मनात काही ठेवते’ हे वाक्य कोणत्या घराला लागू पडत नाही? उरलेले ऐकणारा स्वतःच सांगून टाकतो आणि नंतर ‘त्याने ओळखले’ असे म्हणतो.

ताथवड्यापासून जवळच असलेल्या बावधन-सूस परिसरातली 2025 सालच्या जून महिन्याच्या अखेरची घटना अनेकांनी वृत्तपत्रांत वाचली असेल. अलौकिक दृष्टीचा दावा करणाऱ्या एकाला पोलिसांनी अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, तो अनुयायांच्या फोनमध्ये, पालक मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी वापरतात तसले एक अ‍ॅप त्यांच्या नकळत बसवून घेई. त्यातून त्यांच्या खासगी हालचाली पाही आणि मग ‘तू अमुक वेळी अमुक ठिकाणी होतास’ असे सांगून त्यांना थक्क करी. या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु आपल्यासाठी धडा उघड आहे. ज्याला लोक दिव्यदृष्टी समजतात, ती त्यांच्याच खिशातली काच असू शकते. हा माणूस कोणत्या समाजाचा, हा प्रश्न गौण आहे. असा बाजार प्रत्येक समाजात मांडलेला आहे आणि आपल्याकडे तर तो कधी कधी आयतींच्या नावाने मांडला जातो; ते अधिक लाजिरवाणे आहे.

परोक्षाचे म्हणजे गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. प्रेषितांना (स.) सुद्धा लोकांना हे सांगण्याचा आदेश झाला की, आपल्याला गैबचे ज्ञान असते तर आपण पुष्कळसे हित साधून घेतले असते आणि आपल्याला कसलीही हानी पोहोचली नसती (7:188). ज्यांच्यावर दिव्य प्रकटन अवतरित झाले, त्यांची ही भूमिका. आणि रिक्षात चिकटवलेल्या कागदावर क्रमांक छापणारा माणूस मात्र तुमच्या घरातला शत्रू फोनवरून ओळखतो!

कोणी म्हणेल, ‘त्याच्या ताब्यात जिन्न आहेत.’ तर हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आठवा. जिन्न त्यांच्या आज्ञेने कष्टाची कामे करीत होते. सुलैमान (अलै.) काठीला टेकून उभे असतानाच त्यांचे निधन झाले आणि जिन्न राबतच राहिले. वाळवीने काठी कुरतडली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळले (34:14). जिन्नांना गैबचे ज्ञान असते तर ते त्या अपमानास्पद कष्टांत राहिले नसते, हे कुरआनने तिथेच सांगून टाकले आहे. डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या धन्याचा मृत्यू ज्यांना वाळवीने सांगावा लागला, ते तुमच्या फुफीच्या मनातले काय सांगणार?

म्हणूनच भविष्य वा गुप्त गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, असा कडक इशारा सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आला आहे. कधी त्यांचे एखादे बोलणे खरे का निघते, याचाही उलगडा प्रेषितांनी (स.) केला आहे: चोरून ऐकलेल्या एका खऱ्या शब्दात ते शंभर खोटे मिसळतात. लोक तो एक शब्द लक्षात ठेवतात आणि शंभर विसरतात.

जादूचे खरे फळ

माझ्या म्हणण्याचा गैरअर्थ काढू नका. जादू ही गोष्टच अस्तित्वात नाही, असे मी म्हणत नाही. कुरआनने तिचा उल्लेख केला आहे आणि गाठींवर फुंकणाऱ्यांच्या उपद्रवापासून आश्रय मागायला आपल्याला शिकवले आहे. नजर लागणेही हदीसने नाकारलेले नाही. परंतु ती कोणत्या मर्यादेत आहे, ते समजून घेतले पाहिजे.

सूरह बकरहमध्ये बाबिल नगरी आणि हारूत-मारूत यांचा उल्लेख येतो. तिथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत (2:102). पहिली, अल्लाहच्या अनुज्ञेविना जादूने कोणालाही काडीचीही हानी करता येत नाही. दुसरी, लोक त्या विद्येतून जे शिकत, ते पती-पत्नीत ताटातूट घडवण्याचे साधन होते. बंधूंनो, इथे क्षणभर थांबा. जादूची इतकी कल्पित सामर्थ्ये लोक सांगतात. पण कुरआनने या ठिकाणी तिचे जे फळ नाव घेऊन सांगितले, ते आहे जिव्हाळ्याच्या माणसांतली ताटातूट. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये इब्लीस आपले सिंहासन पाण्यावर मांडतो आणि सैनिकांना पाठवतो, असे वर्णन आहे. जो सैनिक पती-पत्नीला वेगळे करून येतो, त्याला तो सर्वांत जवळ बसवतो.

आता त्या घराकडे पुन्हा पाहा. तिथे कोणी लिंबू कापले नव्हते, कोणी बाहुली पुरली नव्हती. तरीही ताटातूट झाली. आईच्या जागी असलेली फुफी घराबाहेर गेली. भाच्याला तिची तसबीर पाहवेना. सून रात्री तिच्या रिकाम्या खाटेकडे पाहून घाबरू लागली. हे कोणी केले? ज्याला आपण जादू काढायला बोलावले, त्यानेच त्या घरात जादूचे काम पुरे केले. आणि त्याचे साधन होते एक वाक्य, ‘घरातल्याच बाईने केले आहे.’ ज्या जिभेने असा संशय पेरला, ती जादूगाराची. आणि ज्या कानांनी तो पुराव्याविना स्वीकारला, ते तिच्या गुन्ह्याचे भागीदार.

समजा, उद्या खरोखरच कोणी कोणावर जादू केली. तरी आपला आदर्श काय आहे? आदरणीय आयशा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आले आहे की, स्वतः प्रेषितांवर (स.) जादू करण्यात आली होती आणि ती करणारा कोण, हे अल्लाहनेच त्यांना कळवले होते. तरीही त्यांनी त्या गोष्टीचा गाजावाजा केला नाही. अल्लाहने आपल्याला बरे केले, आता लोकांत वाईट पसरवणे आपल्याला आवडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खुद्द अल्लाहकडून नाव कळलेले असताना प्रेषित (स.) शांत राहिले; आणि आपण एका भोंदूच्या अंदाजावर स्वतःच्या फुफीला एसटीत बसवतो!

संशयापासून दूर राहण्याची आज्ञा, कारण काही संशय हे पापच असतात (49:12), आणि बातमी आली की शहानिशा करण्याची आज्ञा (49:6), या दोन्ही एकाच सूरहमध्ये आहेत. नातेसंबंध तोडणाऱ्याला जन्नतमध्ये प्रवेश नाही, हा इशाराही आपण विसरू नये. घराची शांती परत मिळवण्यासाठी आपण नाते तोडले, तर शांतीच्या नावाखाली कोणते संकट विकत घेतले, याचा विचार करा.

देशाचा कायदा आणि आपली जबाबदारी

या अनिष्ट धंद्याला रोखण्यासाठी महाराष्ट्रात कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे झटून लोकजागृती केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. धर्म आणि श्रद्धेविषयी त्यांची मते आपल्याहून भिन्न असू शकतील. परंतु फसवल्या गेलेल्या दुबळ्या माणसाच्या बाजूने उभे राहणे हे काम आपलेही होते, हे मान्य करण्यात संकोच कशाला?

या कायद्यानुसार दोषी व्यक्तीला सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे त्यात गुन्हा आहे. एखादी व्यक्ती करणी करते, असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे हाही गुन्हा आहे. घरी वा धर्मस्थळी केलेली प्रार्थना आणि उपासना मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे ‘कायदा धर्माच्या आड येतो’ असे सांगून आमिलांना पाठीशी घालणाऱ्यांचे ऐकू नका. फसवणूक झाली असेल तर लाज न बाळगता पोलिसांकडे जा. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.

आपण काय करावे?

घरात विचित्र काही घडले, तर प्रथम ‘अऊजुबिल्लाह’ म्हणा आणि मग त्याचे कारण शोधा. वीजतंत्री, नळकारागीर, डॉक्टर यांना विचारणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, तवक्कुलचाच भाग आहे. रात्रीचे भास होत असतील, मन खचत असेल, गर्भपाताच्या दुःखातून सून सावरत नसेल, तर तिला डॉक्टरकडे न्या, तिच्याजवळ बसा. दुःखी स्त्रीला ताविजाआधी धीर हवा असतो.

जो संरक्षणाचा मार्ग प्रेषितांनी (स.) शिकवला, तो फुकट आहे आणि प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. रात्री झोपताना ते सूरह इख्लास, फलक आणि नास पढून तळहातांवर फुंकत आणि शरीरावरून हात फिरवत. आयतुल कुर्सी आहे, फातिहा आहे, सकाळ-संध्याकाळच्या दुआ आहेत. हे स्वतः पढा, मुलांना शिकवा. आयती लिहिलेल्या ताविजाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत; परंतु मणी, दोरे, अनाकलनीय आकडे आणि चिन्हे यांवर भरवसा ठेवणे शिर्ककडे नेते, याविषयी शंका नाही. आणि एक कसोटी कायम लक्षात ठेवा. जो माणूस तुमच्यासाठी दुआ करतो पण कोणाचे नाव घेत नाही, तो कदाचित हितचिंतक असेल. जो कोणाचे नाव घेतो, त्याच्या दारातून त्याच क्षणी परत फिरा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. ज्याच्यावर आपण असा आळ घेतला असेल, त्याच्याकडे जाऊन क्षमा मागा. अल्लाहच्या हक्कात झालेली चूक तौबाने माफ होईल. माणसाच्या हक्कात झालेली चूक त्या माणसाच्या दारात जाऊनच मिटवावी लागते.

ते पती-पत्नी सोलापूरला गेले. वाटेत दोघांनी काय बोलायचे, ते ठरवले होते. फुफीने दार उघडले आणि त्यांना बोलण्याची संधीच दिली नाही. सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिने पहिला प्रश्न विचारला, ‘आता तुला झोप लागते का गं?’ तरुण मला हे सांगताना पुढे बोलू शकला नाही.

फुफी लगेच परत आली नाही. ईदला येऊन गेली, चार दिवस राहिली, पुन्हा गावी गेली. तुटलेला विश्वास घंटेसारखा बदलून आणता येत नाही. तो पुन्हा जुळायला वेळ लागतो. नवी घंटा तारेची आहे आणि ती आता आपल्याच माणसांसाठी वाजते. एखाद्या रात्री ती वाजेल आणि दारात पिशवी घेतलेली फुफी उभी असेल, या आशेवर ते दोघे आहेत. तिच्यासाठी आपणही दुआ करू या.

हे अल्लाह! आम्हाला तुझ्या सृष्टीतील आश्चर्ये पाहण्याची दृष्टी दे आणि त्यांची कारणे समजण्याची बुद्धी दे. तुझ्याशिवाय कोणाचीही भीती आमच्या मनात ठेवू नकोस. आमच्या जिभांना आळ घेण्यापासून आणि आमच्या कानांना तो ऐकण्यापासून वाचव. ज्या घरांत संशयाने ताटातूट घडवली, त्या घरांतली माणसे पुन्हा एकत्र आण. ज्या मातांनी मूल गमावले, त्यांना धीर दे. आणि रात्री उठून इतरांसाठी हात पसरणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या दुआ आमच्या हक्कात स्वीकार कर. आमीन.